सुईचं टोपण

आई, काल घरात आलं ते असं: काविळीच्या लशीची एक कुपी, इंदूरहून, सव्वापाचशे रुपये. तिच्यासाठी बर्फ, दोन रुपये. थर्मास शेजारच्या भाभीचा, म्हणजे फुकट. इथल्या देवास गेटच्या स्टँडवरून बसचं जाणं-येणं तुझ्या जावयाचं, ते त्यांच्या खिशातून. अशा आणखी दोन कुप्या लागतील, एक महिन्यानं, एक सहा महिन्यांनी. श्रावणातल्या अभिषेकासाठी बाजूला ठेवलेले पैसे यात गेले. महादेवाला राग येणार नाही असं मी धरून चालले आहे.

लस तुझ्या नातीसाठी आहे, जिला तू पाहिलं नाहीस. ती तुझ्यासारखी नर्स झाली. माधव नगरातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये लागून वर्ष होईल. डॉक्टर आपल्यातलेच, मराठी, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गेल्या गुरुवारी तिनं काविळीच्या एका पेशंटला इंजेक्शन दिलं, सुईवर टोपण परत लावायला गेली आणि सुई टोपणाच्या बाजूनं निसटून डाव्या अंगठ्यात शिरली. हातात मोजे होते, पण तिथे मोजे धुऊन गच्चीवर वाळत घालतात आणि पावडर लावून पुन्हा वापरतात, त्यांना भोकंच जास्त. घरी आली ती सरळ मोरीत जाऊन नळाखाली अंगठा धरून उभी राहिली. तिच्या ट्रेनिंगच्या सिस्टरबाईंना तिनं एसटीडीवरून फोन केला होता. त्या म्हणाल्या, टोपण लावायचंच नसतं, आणि आता लस लवकर घे.

मी चिडून विचारलं, "मग कशाला गेलीस टोपण लावायला?"

ती म्हणाली, "उघडी सुई कशी ठेवायची, आई?"

 हे वाक्य तिचं नाही, माझंही नाही, ते तुझं आहे. तू ड्युटीवरून येतेस, चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावतेस आणि दुधावर झाकण नाही हे तुला दारातूनच दिसतं. "उघडं ते वैऱ्याचं," म्हणतेस आणि सगळं दूध तुळशीत ओततेस, त्यात काही पडलेलं नसताना. मी दोन दिवस कोरा चहा प्यायले होते. तेव्हापासून या हातानं काही उघडं राहिलं नाही. पीठ, पाणी, नैवेद्य, शाईची दौतसुद्धा. लेकीलाही मी तेच शिकवलं, चांगलं म्हणून शिकवलं.

शनिवारी महाकाळाचं दर्शन घेतलं आणि तशीच तिला घेऊन नर्सिंग होमला गेले. डॉक्टरसाहेबांनी उठून खुर्ची दिली.

"काकू, तुम्ही कशाला तकलीफ घेतलीत? मला बोलवायचं."

"हिला सुई लागली, ते कुठे लिहून ठेवलंय का?"

"त्यात काय लिहायचं? अहो, सुई तो लगती रहती है. ज्याला लागली नाही तो स्टाफच नाही." काउंटरवरचा कंपाउंडर हसला.

"तुम्ही स्वतः घेतलीय लस?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. "आम्ही ऑपरेशन करतो ना, काकू."

"आणि हिनं?"

"एवढ्या सगळ्या स्टाफला टोचत बसलो, तर नर्सिंग होम बंद करून मला धर्मार्थ गोशाळा उघडावी लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घर की बात है. तिनं एवढंच लिहून द्यावं की टोपण लावलं ती तिची चूक. अर्धा खर्च मी देतो."

कोरा कागद पुढे आला. टेबलाखाली लेक माझा पदर ओढत होती. नोकरी जाईल, हे ती पदरानं सांगत होती. तिनं पेन उचललंसुद्धा. मी तिच्या हातावर हात ठेवला. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण सही कशाखाली करायची नाही एवढं कळतं.

"टोपण लावू नये, हे तिला इथे कुणी सांगितलं होतं?"

"ट्रेनिंगमध्ये शिकवतात सगळं."

"आणि उघडी सुई टाकायची कशात?"

"बाल्टी आहे की."

ती बादली मी येताना पाहिली होती. फरशी पुसायची, त्यातच कापूस आणि सुया, आणि झाडूवाली बाई त्यात हात घालून कापूस वेगळा करत होती. मी लेकीला म्हटलं, "लिही. टोपण लावलं हे लिही, आणि सुया टाकायला डबा नव्हता हेही लिही. दोन्ही खरं आहे." तिनं दोन्ही लिहिलं.  डॉक्टरांनी कागद वाचला, घडी केली नाही, फाडलाही नाही. "सोमवारी बघू," म्हणाले, आणि मला काकू म्हणाले नाहीत.

काल सोमवारी पेशंटचा रिपोर्ट आला, कागदाचा निकाल मात्र नाही. रक्तातून पसरणारी कावीळच निघाली. लस काल संध्याकाळीच टोचून घेतली, पण सुई लागून चार दिवस झाले होते. लागण झाली की नाही ते काही महिन्यांनी रक्त तपासल्यावर कळेल. आज सकाळी मी तुपाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला फट पाडून दिली. तुझे जावई म्हणाले, "सुयांचा गल्ला." तो काखेत मारून ती ड्युटीवर गेली. तिला आत घेतलं की परत पाठवलं, अजून कळलेलं नाही. दाराकडे कान ठेवून हे लिहिते आहे.

आणि आई, लिहिता लिहिता तू दिसतेस. सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात सहाणेवर सुयांना धार लावत बसलेली. तेव्हा सुई एकदा वापरून फेकायची पद्धत नव्हती. तू टोक कापसावरून ओढतेस, धागा अडकला की पुन्हा दगडावर. मध्येच तुझ्या बोटावर लाल ठिपका उमटतो, तू बोट तोंडात घालतेस आणि पुढची सुई उचलतेस.

मी आठवीत असताना तुझे डोळे पिवळे झाले. मामांनी उतारावाला आणला, त्यानं गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबेल तशी कावीळ उतरेल, म्हणाला. माळ रोज लांबली, तुझ्या बेंबीपर्यंत आली. आम्ही आनंदानं एकमेकांना दाखवत होतो. सगळे म्हणाले, क्षिप्रेचं पाणी बाधलं. तुझी बोटं कुणी पाहिली नाहीत.

परवा लेकीनं विचारलं, आजी कशानं गेली? मी म्हटलं, तापानं. ती नर्स आहे, खरं सांगितलं असतं तर पुढचं तिनंच जुळवलं असतं.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तरी विचारते. त्या वर्षी तुला कुणा काविळीच्या पेशंटची सुई लागली होती का? लागली असली तरी, नसली तरी, उलट टपाली कळव. माझ्या नावानं दुपारच्या टपालानं पाठव, तेव्हा ती घरी नसते.