भरलेला डबा

बाबा, तुमची नात उद्या निघते आहे. आधी गोंदियाहून रेल्वेनं दिल्ली, मग विमानानं बोस्निया. एक सेमिस्टर तिकडच्या विद्यापीठात शिकणार. लढाई संपल्यावर माणसं पुन्हा एकमेकांच्या शेजारी कशी राहायला लागतात, हा म्हणे तिच्या अभ्यासाचा विषय. तिथली लढाई तिच्या जन्माआधीच संपली, पण जमिनीत पुरलेले सुरुंग अजून सगळे निघालेले नाहीत. विद्यापीठानं सूचना पाठवल्यात. पक्की सडक सोडायची नाही, ओसाड घरात शिरायचं नाही, पडलेली वस्तू उचलायची नाही. तिनं त्या मला हसत हसत वाचून दाखवल्या. मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

काल बॅग भरून झाल्यावर ती ओट्याशी येऊन उभी राहिली. "आई, तू नाही म्हन, मैं नहीं जाऊंगी. सच्ची. पण असं तोंड फुगवून नको बसू ना." मी पोळी उलटत राहिले. तर म्हणते, "आजोबा बी त बिरसाच्या जंगलात राहत होते. उनको कुछ हुआ क्या?" या पोरीचं हे असं आहे, भांडणात तुम्हाला पुढे करते. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही, पण तुमचे किस्से तिला तोंडपाठ. मोहाच्या झाडाखाली अस्वल बसलेलं आणि वर फांदीवर तुम्ही. आधी तुझं रक्त काढून दाखव, मग माझं घे, असं म्हणणारी बैगा जमातीची म्हातारी. हे सगळं मीच तिला सांगितलं, कारण तुम्ही घरी एवढंच आणायचात. भीती कधी आणली नाहीत. ती सगळी आईच्या वाट्याला आली.

तुम्ही मलेरिया खात्यात होतात. आठवडाभर बिरसाकडच्या जंगलातल्या गावांतून फिरायचं, लोकांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. त्या रानात तेव्हा बंदूकवाले नक्षली दादालोक फिरायचे आणि त्यांच्या मागावर पोलीस. घरी फोन नव्हता. आई सकाळच्या बसनं डबा पाठवायची, आणि संध्याकाळच्या बसनं तो रिकामा परत यायचा. रिकामा डबा म्हणजे तुम्ही खुशाल, एवढाच निरोप. आई तो हातात घेऊन नुसतं वजन बघायची आणि घरी येऊन कणीक मळायला घ्यायची.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर स्टँडवर आहे. कंडक्टर खिडकीतून डबा देतो, पण आईकडे बघत नाही. डबा घेताच आईचा हात खाली जातो. "साहेब आलेच नाही जी घ्यायले," तो म्हणतो. "आगे रास्ता बंद है." घरी येऊन आई डबा उघडते, त्यातली वांग्याची भाजी कढईत गरम करते आणि आम्हा भावंडांना वाढते. "खा. अन्न हाय, टाकाचं नसते." आम्ही तुमचं जेवण जेवलो, बाबा. ती जेवली नाही. आपण काहीतरी भयंकर करतो आहोत असं मला घासाघासाला वाटत होतं. वांगं मी आजही खात नाही. लोकांना सांगते, अंगाला खाज सुटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही एका ट्रकमधून उतरलात. पुलापाशी गोळीबार झाला होता आणि गावातल्या लोकांनी तुम्हाला घरात ठेवून घेतलं होतं. आई एवढंच म्हणाली, "डबा भरला काहून आला?" आणि मोरीत जाऊन रडली. सोमवारी तुम्ही निघालात तेव्हा मी तुमचा पाय धरला. जाल तर मी जेवणार नाही, म्हणाले. कधी आवाज न चढवणारे तुम्ही त्या दिवशी ओरडलात. "भ्याव वाटते त वाटू दे. मलेबी वाटते. पण आपल्या भ्यावाची बेडी दुसऱ्याच्या पायात नाही घालाची. समजलं?" पाय सोडवून घेतलात आणि गेलात. मला तुमचा फार राग आला होता. अजूनही येतो. मी दुपारपर्यंत उपाशी राहिले, मग भूक लागली तशी निमूट जेवले.

आज सकाळी मी तिला म्हटलं, "जा." चांगलं कोरडं म्हटलं, तरी तिनं मला उचललंच. म्हटलं, "रोज जेवल्यावर रिकाम्या ताटाचा फोटो पाठवशील." ती म्हणाली, "ताटाचा कायले? व्हिडिओ कॉल है ना!" मी म्हटलं, "मले ताटच पाह्यजे." "हौ बाई, हौ," म्हणून ती मैत्रिणींना भेटायला पळाली. आपल्या आईला वेड लागलंय असं तिला वाटलं असेल. वाटू दे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून खरं ते लिहिते. तुमचे सगळे किस्से मी तिला सांगितले, पण तुम्ही त्या सोमवारी जे ओरडलात ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती ओट्याशी येऊन मला विचारत उभी राहिली नसती. आणि 'नको' हा शब्द अजून माझ्या जिभेवर आहे, बाबा. जा म्हटलं तरी तो गेलेला नाही. तुमचं ते वाक्य उद्या तिला सांगणार आहे. पण गोंदियाला, गाडी हलल्यावर.