बाबांना पाणी वाचून दाखवणारी आई

प्रिय आई,

काल बाबांना घेऊन तळ्यावर गेले होते. तू गेल्यावर पहिल्यांदाच. होडीत तुझ्या जागी बसले, मासे शोधायचं तुझं ते यंत्र मांडीवर घेतलं, स्क्रीन सुरू केली आणि मला काही म्हणजे काही कळेना! पिवळं, लाल, निळं, नुसता रंगांचा चिखल. बाबा गळाची काठी धरून वाट बघत होते. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. काय सांगणार होते मी? तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. म्हणून आज ऑफिसातून आल्या आल्या लिहायला बसले.

हे सगळं तू कशी शिकलीस गं?

तू सोलापूरची. माहेरी मासळीचा वाससुद्धा चालत नसे. बाबा मालवणचे. लग्नानंतर राजधानीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तू त्यांच्यासाठी कालवण करायला शिकलीस, पण चमचाभरही कधी चाखलं नाहीस. "मीठ बरोबर आहे हे कसं कळतं तुला?" असं मी विचारायचे, तर म्हणायचीस, "वासावर." सरकारी ऑफिसात इंग्रजी फायलींचं हिंदी करण्यात तुझं आयुष्य गेलं. पाण्याशी तुझा संबंध तो काय!

मग काचबिंदूने बाबांची नजर गेली. हिवाळ्यातल्या रविवारी शहराबाहेर सोहन्याच्या बाजूला, त्यांचे जुने सहकारी यादवजी यांच्या शेतावरच्या मोठ्या तळ्यात गळाने मासे गरवायला जायचं, एवढा एकच नाद होता त्यांना. तोही त्यांनी सोडला. "पाण्याकडे तोंड करून नुसतं बसायचं? आता कशाला?" म्हणाले, आणि गळाच्या काठ्या कबाडीवाल्याला देऊन टाकायला सांगितल्या. तू "अच्छा" म्हणालीस आणि काठ्या दिवाणात लपवल्यास.

काही दिवसांनी मयूर विहारच्या घरी पार्सल आलं. मी खोका उघडला आणि आतलं हे यंत्र बघून वैतागले. "आई, बाबांना दिसत नाही. स्क्रीन काय कामाची त्यांना?"

"त्यांच्यासाठी नाहीच आहे," तू म्हणालीस. "माझ्यासाठी आहे."

साठी उलटल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर योगाच्या क्लासला. तू तळ्यावर जाऊन दोरीला वस्तू बांधून पाण्यात सोडायला लागलीस! आधी वीट. मग बाभळीची फांदी. मग वजन बांधलेली रिकामी बाटली, घट्ट झाकण लावून. प्रत्येक वस्तू स्क्रीनवर कशी दिसते ते बघत बसायचीस. घरी आल्यावर मला उत्साहाने सांगितलंस, "होडीखालून आवाज जातो आणि आपटून परत येतो, त्याचं हे चित्र. ती एवढीशी बाटली विटेपेक्षा ठळक दिसते, माहितेय? आत हवा असते ना! माशाच्या पोटातही हवेची पिशवी असते, म्हणून तोही ठळक उमटतो, कमानीसारखा." तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा असा आनंद होता की मला तुझा हेवा वाटला.

यंत्र आपणहून माशाची छोटी चित्रं दाखवायचं, ती सोय तू बंद करून टाकलीस. "त्याला प्रत्येक काटकी मासाच वाटते. मूळ आवाज काय सांगतो ते मी बघेन." अनुवादक शोभलीस खरी!

आणि तू तळ्यावर बाबांना घेऊन जायला लागलीस. ते वल्ही मारायचे, तू वाचायचीस. "नऊ फूट. तळ मऊ, चिखल आहे. आता गवत... आता कमान, सहा फुटांवर. टाका!" त्या हिवाळ्यात बाबांनी पहिला रोहू काढला, तेव्हा त्यांनी यादवजींना फोन करून सांगितलं, "सुलभाने पकडला. मी फक्त ओढला."

मी तुमच्याबरोबर पहिल्यांदा आले तो जानेवारीतला दिवस तुला आठवत असेलच. सकाळी छान ऊन पडलं होतं. होडी तळ्याच्या मध्यावर आली, पण मासा दिसायचं नाव नाही. बाबा दर थोड्या वेळाने विचारत होते आणि तू दर वेळी "काही नाही" म्हणत होतीस. त्यांचं तोंड उतरत चाललेलं मला बघवेना. मी तुला खुणेनेच म्हटलं, आहे म्हणून सांग की! बरं वाटेल त्यांना.

तू मात्र मोठ्याने बोललीस, त्यांना ऐकू जाईल असं. "मुक्ता, मी त्यांचे डोळे म्हणून बसलेय. डोळेच खोटं बोलले तर त्यांनी विश्वास कुणावर ठेवायचा?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं.

त्यानंतर थोड्याच वेळात धुकं उतरलं. आधी पलीकडची झाडं गेली, मग काठ गेला, मग मला होडीचं टोकसुद्धा दिसेना. यादवजी काठावरून हाका मारत होते, पण आवाज चारी बाजूंनी यायला लागला. एका बाजूला पाण्यात बुडालेले खडक आहेत हे मला माहीत होतं. ते नक्की कुठल्या बाजूला, हे कळायला मार्ग नव्हता. फोनला रेंज नाही. मी रडवेली होऊन ओरडलेच, "आई, आता काय करायचं?"

"तू चूप बस. अहो, दोन हात मारा. हळू."

"माझ्यासाठी रोजच्यासारखंच आहे," बाबा शांतपणे म्हणाले आणि वल्ही उचलली.

तुझं नाक जवळजवळ स्क्रीनला टेकलं होतं. "पाणी खोल होतंय. वळवा, डावीकडे. अजून. थांबा... चिखल. पुढे चला. चिखलच आहे." मी बाकाची फळी घट्ट धरून बसले होते. आणि मग तुझा आवाज एकदम बदलला. "जाड रेघ! तळ कडक लागला. अहो, रस्ता सापडला!"

तळं बांधायच्या आधी तिथून एक गाडीरस्ता जायचा, दगडांनी ठोकून बसवलेला. तो थेट आजच्या धक्क्यापाशी वर येतो, हे यादवजींनी तुला कधीतरी सांगितलं होतं आणि तू तो तळाशी शोधून ठेवला होतास. रेघ बारीक झाली की तू म्हणायचीस, "चिखलात आलो, उजवीकडे घ्या," आणि बाबा घ्यायचे. एकदाही त्यांनी "नक्की ना?" असं विचारलं नाही. मला धडधाकट डोळे असून मी तिथे बिनकामाची होते आणि तुम्ही दोघं गप्पा मारत भाजी आणायला निघाल्यासारखे चालला होतात!

होडी धक्क्याला घासली तेव्हा यादवजी पांढरे पडले होते. "भाभीजी, इस धुंध में आप आए कैसे?"

"सड़क से, भैया," तू म्हणालीस आणि थर्मास उघडून आधी बाबांना चहा दिलास.

इतकं सगळं येत होतं तुला, आणि पावसाळ्यात एका सकाळी भाजी निवडता निवडता तू गेलीस. मला शिकवायचं राहूनच गेलं की! कधी तरी हाक मारून म्हणायचंस ना, "ये, बस माझ्याजवळ, बघ हे."

काल मग तुझ्या बोलण्यातलं मला जे आठवत होतं त्याच्यावरच भागवलं. स्क्रीनच्या उजव्या कडेला दिसतं तेवढंच आत्ताचं, बाकी सगळं मागे पडलेलं. मासा वाकडा नसतो, होडी त्याच्या जवळ जाते आणि लांब जाते म्हणून रेघ वाकते. असं आठवत आठवत मी एकदाची ओरडले, "बाबा, सात फुटांवर! टाका!" त्यांनी गळ टाकला, ताण बसला, आणि वर आलं ते हातभर शेवाळ.

मला रडू यायला लागलं होतं. बाबा मात्र ते शेवाळ चाचपून हसायला लागले. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आई! "तुझ्या आईने पहिले कितीतरी रविवार मला गवतच पकडून दिलं," म्हणाले. "दर वेळी म्हणायची, चुकलं माझं, पुन्हा बघते." हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस! मला वाटायचं, तुला सगळं पहिल्या झटक्यात जमलं.

मग मीही म्हटलं, "चुकलं माझं, पुन्हा बघते." मासा मिळाला नाही. पण निघायच्या आधी एक कमान मला नक्की ओळखता आली. ती माशाचीच होती, पैज लावते!

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "मुक्ता, आमच्या मालवणच्या खाडीच्या तळाशी काय दिसेल गं? लहानपणी गळाच्या दोरीला काय लागतंय तेवढंच कळायचं."

आई, तुला शब्द देते. उन्हाळ्यात रजा काढून त्यांना खाडीवर नेईन. तोवर इथे दर रविवारी शिकत राहीन. खाडीत होडी घालून त्यांच्यासमोर बसेन आणि त्यांच्या गावचं पाणी त्यांना पहिल्यांदा वाचून दाखवेन. वाळू असेल तर वाळू, खडक असेल तर खडक, आणि काही नसेल तर काही नाही.

तुझीच,
मुक्ता