पारूबाईच्या हातून काढून घेतलेल्या ग्रंथाबाबत

मी, साहेबराव ग्यानोबा गजभारे, वय बहात्तर वर्षे, आयटीआयचा निवृत्त निदेशक, फिटर ट्रेड, राहणार नांदेड, मूळचा हिमायतनगर तालुक्यातला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारा मीच होतो, आणि आता घरात दडपायला कोणी उरलेले नाही.

माझे मन ठिकाणावर आहे असा दाखला डॉ. शिल्पाताईंनी शुक्रवारी तपासून दिला. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, बस झालं." मग विचारले, राग येतो का? मी म्हणालो, आता कमी. पूर्वी? पूर्वी यायचा नाही, असायचा. त्या हसल्या आणि शिक्का मारला.

वकिलांनी बजावले होते की मृत्युपत्रात वस्तू लिहा, वर्तन लिहू नका. वकिलांचा मान ठेवून वस्तू आधी लिहितो.

कलम १. नांदेडचे राहते घर, खालच्या तीन खोल्या आणि वरची पत्र्याची खोली, माझ्या पगारातून बांधलेले आहे. ते संपूर्ण माझी मुलगी धम्मप्रिया हिला द्यावे. ती लातूरला शाळेत शिकवते. सहा वर्षांपूर्वी तिची आई गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्या दिवसापासून तिने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. महिन्यातून एकदा फोन येतो. "बीपीची गोळी घेतली का?" घेतली म्हटले की फोन बंद. घर दिले म्हणून ती येईल असा माझा हिशेब नाही. तिला विकायचे तर तिने खुशाल विकावे. ती का येत नाही हे कलम सहामध्ये आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिथे जावे. मला तिथवर यायला अकरा वर्षे लागली.

कलम २. गावाकडची माझ्या वाट्याची दीड एकर जमीन मुलगा सुगत याला द्यावी. तो पुण्याला कंपनीत आहे. सुगत, या जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट आपल्या घरात चालत आलेली आहे, ती तुला माहीत असावी. मी नऊ वर्षांचा असताना तुझ्या आजोबांनी मला तालुक्याच्या कचेरीत नेले. याच जमिनीच्या दाव्याची तारीख होती. नोटीस फळ्यावर लावलेली होती, पण आजोबांना वाचता येत नव्हते आणि तसे कोणाला सांगवत नव्हते. सकाळपासून आम्ही बाहेर लिंबाखाली बसून राहिलो. दुपारी मी कंटाळून फळ्याजवळ गेलो आणि मोठ्याने वाचले. तारीख आदल्या दिवशीच होऊन गेली होती. आजूबाजूचे चार लोक हसले. आजोबांनी मला तिथेच थोबाडीत मारली. येताना शेव-चिवडा घेऊन दिला.

त्यांना माझा राग आला नव्हता, त्यांना लाज वाटली होती. पण लाज वाटली की काय करायचे, हे आमच्यात कोणाला शिकवलेलेच नव्हते. हात उगारणे तेवढे येत होते. मी ते त्यांच्याकडून घेतले आणि तू माझ्याकडून. मागच्या उन्हाळ्यात तुझ्या सोसायटीच्या फाटकाला तुझ्या बायकोच्या हातून गाडी घासली, वॉचमन बघत होता, आणि तू तिला जे बोललास ते मी मागच्या सीटवर बसून ऐकले. आवाज तुझा होता, शब्द माझे होते. मला खाली उतरून जावेसे वाटले. सुगत, राग आधी येत नाही. आधी कान तापतात. कान तापले की तोंड उघडू नकोस, गाडी बाजूला घे, पाणी पी, आणि आपल्याला कशाची लाज वाटली ते स्वतःला नाव घेऊन विचार. मला हे सत्तरीत समजले. तू अजून चाळिशीतच आहेस.

कलम ३. बँकेतील ठेव दोघांना समान द्यावी. यात सांगण्यासारखे काही नाही.

कलम ४. माझी सगळी हत्यारे, म्हणजे माप घ्यायचा व्हर्नियर, काटकोन तपासायचे दोन गुण्ये, कानशींचा संच, हॅक्सॉ आणि टेबलावरचा व्हाइस, विष्णुपुरीला फॅब्रिकेशनचे दुकान चालवणारा माझा जुना विद्यार्थी आनंदराज याला द्यावीत. आमच्या ट्रेडमध्ये पोराने लोखंडाचा तुकडा घासून मापात आणायचा, त्याला जॉब म्हणतात. निदेशक तपासतो आणि पास करतो. मी पास कमी केले. पोरे मला मागून 'रिजेक्ट सर' म्हणायची, हे मला ठाऊक होते आणि त्याचा अभिमान होता. आनंदराजचा जॉब मी चाळीस पोरांसमोर भंगाराच्या डब्यात फेकला होता. "हातानं घासलं का पायानं?" असेही म्हणालो होतो. पोरे गेल्यावर डब्यातून काढून पुन्हा मापला. माप बरोबर होते, घाईत मीच चुकीचे वाचले होते. तुकडा परत डब्यात टाकला आणि घरी गेलो. आनंदराज, तू ते वर्ष मन लावून केले नाहीस याचे कारण मी आहे. व्हर्नियर चांगला आहे, वापर.

कलम ५. शेजारी उमाशंकर यांच्याशी सामाईक भिंतीवरून माझा अबोला आहे. भिंत सहा इंच त्यांच्या हद्दीत आहे. ती मीच सरकवली होती. त्यांना हे सांगितले तर ते फार मोठ्याने हसतील, म्हणून इथे लिहिले.

कलम ६. आता वर्तन.

आमच्या नगरातल्या बुद्ध विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी आणि रविवारी दुपारी धम्मग्रंथाचे वाचन होते. मी समितीचा अध्यक्ष होतो. दरवर्षी समारोपाला 'क्रोधावर विजय' या विषयावर माझे भाषण असायचे. लोक म्हणायचे, गजभारे सरांनी राग कसा जिंकला बघा. भाषणाच्या चारही वह्या रद्दीत द्याव्यात.

माझी पत्नी पारूबाई शाळेत गेलेली नव्हती. मी नोकरीभर दुसऱ्यांची पोरे शिकवली, तिला शिकवावे हे मला सुचले नाही. धम्मप्रियाने सुचवले आणि शिकवलेही. बी.एड. करताना दर सुट्टीला घरी येऊन दोन वर्षे आईला बाराखडीपासून पुढे आणले. दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात पारू मतदानाला गेली तेव्हा तिने अंगठ्याऐवजी सही केली, आणि चार दिवस गल्लीत सांगत फिरली. त्याच वर्षावासात तिने ग्रंथाचे एक पान वाचण्यासाठी नाव दिले. महिनाभर ती ते पान भाकरी थापताना पुटपुटत होती. मला वाटायचे गाणे म्हणते आहे.

त्या संध्याकाळी विहार भरलेला होता. खीर आमच्याच घरची होती. पारू पांढरे लुगडे नेसून माइकसमोर बसली आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली. हळू वाचत होती, पण बरोबर वाचत होती. दुसऱ्या ओळीत एका जोडाक्षरावर अडली. मी खुर्चीवरून दुरुस्त केले. पुढे पुन्हा अडली, मी पुन्हा दुरुस्त केले. मागे कोणीतरी हसले. माझ्यावर हसले, तिच्यावर हसले की कोणाचे पोर हसले, मला आजवर माहीत नाही. माझे कान तापले. तिसऱ्या वेळी मी उठलो आणि माइक चालू असताना म्हणालो, "दे इकडं. लोकांचा टाइम खाऊन राहिलीस."

ग्रंथ तिच्या हातातून काढून घेतला. तिने ओढून धरला नाही. मी ते पान खड्या आवाजात वाचले. वाचन छान झाले असे दोघांनी मला नंतर सांगितले, आणि मी 'साधू साधू' म्हणालो. पारूने सगळ्यांना खीर वाढली, मलाही वाढली. घरी येताना मी म्हणालो, "नाक कापलंस माझं." ती म्हणाली, "हाव. चुकलंच."

त्या ऑक्टोबरात पुन्हा मतदान होते. मी पुरुषांच्या रांगेत, ती बाजूच्या बायांच्या रांगेत. टेबलामागच्या माणसाने विचारले, "मावशी, सही का अंगठा?" ती म्हणाली, "अंगठा." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्या क्षणी मला सगळे समजले. आणि मी काय केले, तर बोटाला शाई लावून घेतली आणि बाहेर येऊन विचारले की ऊन लागले का.

त्यानंतर ती पाच वर्षे जगली. तिने अक्षराला हात लावला नाही. मी एकदाही विषय काढला नाही. तिच्या पुण्यानुमोदनाला मी पत्नीच्या त्यागावर बोललो. खाली उतरलो तेव्हा धम्मप्रिया दाराशी उभी होती. म्हणाली, "पप्पा, म्या दोन वर्सं शिकिवलं व्हतं तिला." एवढेच म्हणाली आणि चप्पल घालून गेली.

पुढे मी दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेलो. आधीही दोनदा गेलो होतो, पण ते भाषणाला मजकूर मिळावा म्हणून. या खेपेला बसल्या बसल्या ती संध्याकाळच समोर येत राहिली, आणि पहिल्यांदा दिसले की मी पारूवर रागावलोच नव्हतो. माझी बायको अडाणी आहे हे लोकांना दिसेल, एवढ्या भीतीने मी तिला लोकांसमोर अडाणी केले. मला स्वतःची किळस आली. ती अजून गेलेली नाही, आणि ती जावी म्हणून मी हे लिहीत नाही.

कलम ७. ~~माझ्या पश्चात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात समितीने कलम सहा माइकवरून संपूर्ण वाचून दाखवावे व त्या वेळी धम्मप्रियाला समोर बसवावे.~~ रद्द. बाजूस माझी सही.

रद्द करण्याचे कारण. साक्षीदार म्हणून सही करायला माझे जुने सहकारी भागवत आले होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाल्याचे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मंग म्या बिनघोर हाव. तुमच्याकून आजवर चहाबी धड मिळाला न्हाई." मग त्यांनी बसून सगळे वाचले. कलम सातवर थांबले.

"हे तुमी मेल्यावर वाचायचं?"

"हाव."

"म्हंजी पारूबाईला बोलले चारचौघांत, जित्तेपणी. अन् माफी मागणार मेल्यावर, दुसऱ्याच्या तोंडानं?"

माझे कान तापले होते. पाणी प्यायलो.

"लई सोपं हाय की," भागवत म्हणाले. "त्या पोरीनं मंग कोणावर चिडावं? फोटूवर?"

त्यांच्या समोरच कलम खोडले. वर्षावास चालू आहे. येत्या पंधरा दिवसांत माझे पाय मला विहारापर्यंत नेतील तर नेतील. नाही नेले तर हे मृत्युपत्र म्हणजे एका भित्र्या माणसाचा कागद आहे असे समजावे.

नांदेड, रविवार, दि. १४ सप्टेंबर २०२५.
लिहून ठेवणार : साहेबराव ग्यानोबा गजभारे (सही)
साक्षीदार : १. भागवत, निवृत्त निदेशक (सही) २. डॉ. शिल्पा (सही व शिक्का)

पुरवणी

मी, वरील साहेबराव, मूळ मृत्युपत्र कायम ठेवून पुढील मजकूर जोडतो.

गुरुवारी धम्मप्रियाला फोन केला. गोळी घेतली, हे मीच आधी सांगून टाकले. मग म्हणालो की रविवारी विहारात आईबद्दल खरे बोलणार आहे.  ती म्हणाली, "बघते."

आज ती आली. मागे दारापाशी, बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली. ग्रंथवाचन संपल्यावर मी माइक मागितला. समितीच्या पोरांना वाटले भाषण आहे, त्यांनी माझ्यासमोर टेबल आणून ठेवले. मी ते बाजूला करायला लावले. कागद नेला नव्हता. त्या संध्याकाळी मी काय केले, घरी येताना काय बोललो, मतदानाच्या दिवशी काय पाहिले, ते एकामागून एक सांगितले.  माझी चूक झाली असे म्हणालो नाही, कारण चूक नकळत होते. मी पारूला लाजवले, असे म्हणालो.

 मला वाटले होते लोक थक्क होतील, अध्यक्षाचे हे रूप पाहून कुजबुजतील. तसे काहीच झाले नाही. मग बायकांतून नागुबाई बोलल्या. त्या पारूच्या मैत्रीण, आता ऐंशीच्या घरात आहेत.

"साहेबराव, आमाला ठावं हाय. आमी तितंच व्हतो की."

मी म्हणालो, "मग अकरा वर्षांत कोणी बोललं न्हाई मला?"

"पारूनं सांगितलं व्हतं," नागुबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच दिशी दारोदार येऊन सांगून गेली. म्हनली, त्यायच्यापुढं हा इषय काढू नका बाई, त्यायला लाज वाटंल."

मी खाली बसलो. माइक कोणीतरी हातातून घेतला. इतकी वर्षे मी समजत होतो की ही गोष्ट मी लपवून ठेवली आहे.

धम्मप्रिया घरी आली. चहा तिनेच केला. साखर कुठे आहे हे तिला विचारावे लागले, ते मला बोचले. दोघेही स्वयंपाकघरात उभे राहून प्यालो. कप विसळताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आईनं मलाबी तेच सांगितलं व्हतं, पप्पा. पप्पाला काई म्हनू नको म्हनून. म्या तिचं ऐकलं न्हाई."

मी म्हणालो, "बरं केलंस."

ती साडेपाचच्या बसने लातूरला गेली. पुन्हा कधी येते हे ती बोलली नाही, आणि मी विचारले नाही.

नांदेड, रविवार, दि. २८ सप्टेंबर २०२५.
लिहून ठेवणार : साहेबराव ग्यानोबा गजभारे (सही)
साक्षीदार : १. भागवत (सही) २. डॉ. शिल्पा (सही)