राघोच्या बाजूने

भाईंदर, ता. १२ फेब्रुवारी १९६८

ती. सौ. आशाताईस,
धाकट्या महिपतचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. महाडला भाओजी आणि मुलं खुशाल असतील. तू विचारलंस, दर रविवारी मिठागराच्या कामगारांना मी काय शिकवतोय? बाराखडी, आणि थोडा इतिहास. काल प्राचीन रोमन लोकांचं सांगितलं. चारचौघांत उभं राहून ज्याला बोलता येत नसे, त्याला तिथं अधिकारपद मिळणं कठीण. मोठ्या घरची मुलं गुरूकडे जाऊन भाषण करायला शिकत. कुणावर आळ आला की नावाजलेला वक्ता त्याच्या बाजूने उभा राही आणि शब्दांच्या बळावर त्याला सोडवी.

हे ऐकून खारी गावचा राघो उठला. तीन दिवस न सांगता गैरहजर राहिला म्हणून त्याला मिठागरावरून काढलंय. शनिवारी चौकशी आहे. म्हणाला, तुमी माज्या बाजूनं बोला, सायबासमोर माजं तोंड उघडत न्हाय. मी लगेच हो म्हटलं. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवल्यानंतर ही पहिलीच संधी! भाषण पाठ करतोय. हसू नकोस.

लोभ आहेच, तो वाढता असावा.
तुझा महिपत

महाड, ता. १६ फेब्रुवारी

चि. महिपतास,
आशाचे अनेक आशीर्वाद.

हसले, खोटं कशाला सांगू! लहानपणी मारुतीच्या देवळात पायरीवर उभा राहून तू शेळ्यांपुढे भाषणं करायचास. पण एक विचारते, राघो ते तीन दिवस होता कुठे? तुझ्या पत्रात ते कुठंच नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

भाईंदर, ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं पत्र काल मिळालं, चौकशी झाल्यावर. वाचून मान खाली गेली.

मी वीस मिनिटं बोललो. रोमपासून सुरुवात केली. साहेब मान डोलवत होते. मधेच राघोची बायको सरूबाई उठली, काहीतरी सांगू लागली. भाषणाची लय तुटेल म्हणून मी तिला हातानं खाली बस अशी खूण केली. ती बसली. शेवटी साहेबांनी मला शाबासकी दिली आणि विचारलं, की हा माणूस ते तीन दिवस कुठं होता? मला माहीत नव्हतं. मी राघोला कधी विचारलंच नव्हतं. राघो तर घाबरून गप्प. काढलं ते कायम झालं.

बाहेर आल्यावर सरूबाईनं सांगितलं. उधाणानं बांध फुटला होता. मुकादमानंच त्याला पलीकडच्या आगरात बांध घालायला पाठवलं होतं, पण साहेबांना ते कळवलंच नव्हतं. तीन दिवस तीच त्याला भाकरी पोचवत होती. हेच सांगायला ती उठली होती.

आणि ताई, सगळ्यात वाईट हे, की शाबासकी मिळाली तेव्हा मला आनंद झाला होता.

महिपत

भाईंदर, ता. २४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

रडगाणं मला नको, आधी त्यांच्या घरी जा, असं तू खडसावलंस. गेलो. माफी मागितली.  सरूबाईनं फेरचौकशीचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला, आणि स्पष्ट सांगितलं, की या टायमाला मीच बोलेन.

परवा ती बोलली. पदर खोचून उभी राहिली, म्हणाली, बांध फुटलावता, मुकादमानं धाडलं, मी भाकर नेली, त्याला समोर बोलवा आन इचारा. एवढंच. मुकादमाला नाकारता आलं नाही. राघो उद्यापासून कामावर जातोय.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेर सगळे तिच्याभोवती गोळा झाले, मी बाजूनं निसटत होतो. राघोनं हाक मारली, मास्तर, रविवारी वर्ग हाय ना? त्या हाकेत राग असता तर बरं वाटलं असतं.

माया असू दे.
महिपत