एक्केचाळिसावा चौकोन

३ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या दवाखान्याचा कागद पुन्हा आला. तेच चाळीस प्रश्न, तेच चौकोन. मुलात स्वमग्नतेची लक्षणं आहेत का, ते आईबापांनी खुणा करून सांगायचं. पंधरा दिवसांपूर्वीच भरून दिला होता, हरवलात की काय? की माझ्यावर भरवसा नाही? चिमणी साडेतीन वर्षांची आहे आणि पहिल्या दिवसापासून मीच तिचा बाप आहे. कुणाकडे न शिकता वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. एकाही दुकानदाराने काटा परत आणलेला नाही.

तरी भरला. एकही खाडाखोड नाही. तुझी वहिनी म्हणत होती, दोघं बसून भरू. म्हटलं, अक्षर माझं चांगलं आहे.

लोभ आहेच, तो तपासायला दोनदा विचारू नये.

तुझा दादा


९ जून

ती. दादास, शि. सा. न.

कागद हरवला नव्हता. काटा तपासताना तू तेच वजन पुन्हा ठेवतोस ना, तसंच हे. पंधरा दिवसांनी आईवडील तीच उत्तरं देतात का, त्यावरून कागद किती भरवशाचा ते ठरतं. परीक्षा कागदाची होती, तुझी नव्हे.

ऐंशी घरांतून कागद आले. प्रत्येकाची दोन-चार उत्तरं तरी बदलली. तुझं एकही नाही. दादा, पहिल्या कागदाची कार्बन कॉपी ठेवली होतीस ना? दूधवाल्याला चिठ्ठी लिहिलीस तरी ठेवतोस! तुझा कागद मोजणीतून बाजूला काढावा लागला.

ते जाऊ दे. वहिनी फोनवर रडली. चिमणी हाकेला बघत नाही, बोटाने काही दाखवत नाही म्हणाली. तुझ्या कागदावर दोन्हीपुढे 'नेहमी'. अशा उत्तरांवर तिला पुढच्या तपासणीला कुणी बोलावणार नाही. कागद म्हणजे निकाल नाही रे, नुसती चाळणी आहे. रागाव, पण पुन्हा बघ.

रागावलास तरी पत्र टाक.

तुझी धाकटी


१७ जून

चि. धाकटीस, अ. आ.

कॉपी होती. तिच्यावरूनच उतरवलं. दर वेळी दहा ग्रॅम चोरणारा काटा शंभर वेळा सारखाच आकडा दाखवतो. असे काटे मी भर बाजारात पकडलेत. घरातला दिसला नाही. झालं, यावर पुन्हा बोलायचं नाही.

सात दिवस वही घेऊन बसलो. रोज पाच, एकूण पस्तीस हाका. टीव्ही बंद, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. दोनदा बघितलं. बोट एकदाही नाही. माझा हात धरून ओढत नेते. नवा कागद सोबत आहे, या खेपेला तुझ्या वहिनीच्या अक्षरात. कॉपी ठेवलेली नाही. तपासणीची तारीख कळव. जागा नाही म्हणाले तर दारात बसेन, सांगून ठेव.

पण तुमच्या कागदालाही मी सोडणार नाही. चौदाव्या प्रश्नात 'बऱ्याचदा' म्हणजे किती वेळा? असल्या मोघम मापाने मी बटाटेसुद्धा घेत नाही! आणि माझी पोरगी बिघडलेला काटा नाही, हे डॉक्टरांना आधीच सांग.

आणखी एक. पितळी वजन पारड्यात ठेवलं, की ती असेल तिथून धावत येते. काटा थांबेपर्यंत पापणी हलत नाही. थांबला, की मान वर करून माझ्याकडे बघते. सात दिवसांत एकवीस वेळा ठेवलं, एकवीस वेळा बघितलं. तुमच्या चाळीस प्रश्नांत याला जागा नाही. म्हणून खाली एक्केचाळिसावा चौकोन मी पट्टीने आखलाय आणि त्यात खूण केली आहे.

लोभ असेल तर तो चौकोन कुणाला खोडू देऊ नकोस.

तुझा दादा