बावीस तारखेच्या आत जॅम

९ फेब्रुवारी, रविवार
लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरची बघायला गेले आणि स्ट्रॉबेरीचे सहा बॉक्स घेऊन आले. मिरची राहिली. घरी आल्यावर सासूबाई, आमच्या आत्ती, म्हणाल्या, "एवढी कोण खाणार हाय गं?" मलाही माहीत नव्हतं.

कालपासून असंच चाललंय. एक काम धरते, अर्ध्यात सोडून दुसरं. ह्यांचा फोन आला तेव्हापासून.

"पाच मार्चला फॉर्म द्यायचाय. सही केली तर आनि दोन वर्सं हितंच. न्हाय केली तर जूनमधी कायमचा घरी. तू सांग."
म्हटलं, मी काय सांगणार?
"तूच सांग. सतरा वर्सं मीच ठरवत आलो की."
आत्ती शेजारीच शेंगा फोडत होत्या. फोन स्पीकरवर. मी म्हटलं, बघू. माणूस फौजेतल्या सतरा वर्षांच्या नोकरीचं विचारतोय आणि बायको म्हणते बघू!

१० फेब्रुवारी, सोमवार
संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतला संतोष आला. ह्यांच्याच युनिटमधला, सुट्टीवर आलाय. "वैनी, बावीसला निघतोय. दादास्नी काय द्यायचं असलं तर बांधून ठेवा. काच तेवढी नको."
आत्तींची यादी तयारच. चटणी, शेंगांचे लाडू, भडंग. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, जॅम पण.
संतोष हसायला लागला. "जॅम? आमच्याकडं रेशनात येतोय की."
म्हटलं, हा वेगळा.

लग्नाला पंधरा वर्षं झाली, त्यातली दोनच एकत्र. तिकडं क्वार्टरमध्ये. तेव्हा रेशनात जॅमचा डबा यायचा. लाल, पण कुठल्या फळाचा ते काही कळायचं नाही. हे चपातीला लावायचे, गुंडाळी करायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, एकदा खऱ्या फळाचा खायचाय.

जॅमबरोबर चिठ्ठी द्यायची. फोनवर बोलणं होत नाही, इकडं आत्ती, तिकडं त्यांची अख्खी बराक. चिठ्ठीत लिहीन काय ते. म्हणजे बारा दिवस मिळाले. बरं वाटलं. लगेच स्वतःचा रागही आला.

११ फेब्रुवारी
पहिला घाणा. आत्ती शेजारी उभ्या. जॅम त्यांनीही कधी केला नाही, मीही नाही. पण "गुळंब्यावानीच की. तार बघायची." मला पटलं. पटणारच, आमच्या घरात पाकाचं दुसरं मापच नाही.
मग दोघी आळीपाळीनं दोन बोटांत थेंब धरून तार बघतोय. येईचना. आणि थोडं, आणि थोडं. पाऊण तास. शेवटी आली एकदाची. तोवर लाल रंग जाऊन चिंचेच्या कोळासारखं काहीतरी झालेलं. मी वळले तेवढ्यात आत्तींनी वेलदोड्याची पूड घातली. हाताची सवय त्यांची.

१२ फेब्रुवारी
चमचा उभा राहिला. काढला तर निघेना. ऋतुजा शाळेला जाता जाता बघून गेली. "मम्मी, ह्याच्या वड्या पाड आता." तेरा वर्षांची आहे, जीभ तीस वर्षांची.
पातेलं तीन पाण्यांत भिजतंय.

१३ फेब्रुवारी
सकाळी मैदानावर स्कूटरचा क्लास. चार बायका, दोन गाड्या. नवीन एक आली आहे, पन्नाशीची. माहेर कुरुंदवाडचं, घरात कानडी बोलतात. सगळ्या अक्का म्हणतात, मीही म्हणते. अक्का उजवीकडं वळायची वेळ आली की डोळे मिटतात. म्हटलं, अक्का, असं कसं चालेल? "मग डावीकडंच जाऊ की. डावीकडनंबी घरी पोचतोय."
खूप दिवसांनी पोट धरून हसले.

स्कूटर शिकवायला लागून सहा वर्षं झाली. सत्तर-ऐंशी बायका तरी सुटल्या असतील रस्त्याला. मागच्या सुट्टीत हे आले तेव्हा महिनाभर क्लास बंद ठेवला. कुणीही बंद कर म्हटलं नव्हतं. हे फक्त दारात उभे राहून विचारायचे, किती वाजता येणार? प्रेमानंच विचारायचे. मला तेवढ्यानं घाम फुटायचा. आत्ती कधी विचारत नाहीत.
आणि हे परत गेले त्या दिवशी दार लावून रडले. तेही खरंच आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
दुसरा घाणा. ह्या वेळी भीतीनं लवकर उतरवला. पळीतून पाण्यासारखा ओघळतोय. ऋ. दुधात घालून प्यायली, म्हणाली भारी लागतंय. मी तिच्यावर उगाच ओरडले. पोरगी गप्प आत गेली. तिचा काय दोष?

चिठ्ठी लिहायला बसले. 'सा.न.वि.वि.' नवऱ्याला कुणी सा.न.वि.वि. लिहितं का! फाडली.
दुसरी: 'या.' एवढंच. बराच वेळ बघत बसले. खोटं वाटलं.
तिसरी: 'राहा आणखी दोन वर्षं, आमचं इकडं ठीक चाललंय.' हे तर वाचताना स्वतःचीच लाज वाटली.
तिन्ही चुलीत. चूल म्हणजे आत्तींचा पाण्याचा बंब.

१६ फेब्रुवारी
काही नाही. घरभर फिरले. माळ्यावरचे डबे काढले, पुसले, परत ठेवले. आत्ती म्हणाल्या, तुला काय किडं चावल्यात काय गं?

१७ फेब्रुवारी
आत्तींना सगळं माहीत आहे. माहीत नसायला काय झालं, फोन स्पीकरवर असतो.
दुपारी दोघी गवारी निवडत होतो. मान वर न करता म्हणाल्या, "तुझा सासरा सूतगिरणीतनं रिटायर हून घरी बसला, तवा मी सा म्हैनं रोज शेताला जायाची."
म्हटलं, सुगी होती?
"कसली सुगी! काय काम नव्हतं. बांधावर बसून यायाची. घरात त्यो असायचा न्हवं दिवसभर. भांडं जरा वाजलं की काय पडलं, काय पडलं."
मग?
"मग काय. सवय झाली. त्येला माजी, मला त्येची. सवय झाली आनि वर्साच्या आत गेला की त्यो."
गवारी निवडून झाली. उठून गेल्या. मला म्हणजे नेमकं काय सांगायचं होतं त्यांना? ह्यांना बोलाव म्हणत होत्या का? विचारायला गेले तर गाढ झोपलेल्या. का झोपेचं सोंग.

१९ फेब्रुवारी
स्ट्रॉबेरी परत आणली, आठ बॉक्स. पिकलेली आणि थोडी कच्ची मिळून. अक्कानं सांगितलं तसं.
अक्काच्या नवऱ्याची पूर्वी बेकरी होती, मला कुठं माहीत? सहज बोलता बोलता दोन्ही घाण्यांची कहाणी सांगितली तर कपाळावर हात मारून घेतला. "तार कसली बघतीस गं! लाडू करतीस काय? बशी ठेव फ्रीजात. गार बशीवर थेंब टाक, बोटानं ढकल. सुरकुती पडली की गॅस बंद. आनि पाणी एक थेंब घालायचं न्हाय, लिंबू पिळायचं."
एवढं सोपं.
त्या बदल्यात उजवीकडचं वळण. आज एकदा उघड्या डोळ्यांनी वळली. मैदानावरच्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार
झाला! तिसऱ्या घाण्याला झाला.
रात्रभर साखर लावून ठेवलेली, सकाळी फळं स्वतःच्याच रसात तरंगत होती. मोठी आच, सारखं ढवळणं, वरचा गुलाबी फेस काढून टाकला. हातावर दोन ठिकाणी चटके. चौथ्या थेंबाला बशीवर सुरकुती पडली, अगदी बारीक, दुधावर साय धरते तशी. आत्ती मुठीत वेलदोडा घेऊन उभ्याच होत्या. म्हटलं, आत्ती, नको. ह्या घरात आल्यापासून त्यांना स्वयंपाकघरात नको म्हणायची पहिलीच वेळ असेल. त्या म्हणाल्या, "नको तर नको." आणि गेल्या. एवढ्याशा गोष्टीला मी पंधरा वर्षं घाबरत होते.
ऋ.नं चपातीला लावून तीन खाल्ल्या. "पप्पांना सगळा देऊ नको हां." शनिवारचं ओरडणं विसरली. मी नाही विसरले.

स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. वर प्लॅस्टिक, सुतळी, मग जुन्या लुगड्याचं फडकं.

डबा तयार आहे. चिठ्ठी नाही.

२१ फेब्रुवारी
लिहिली. क्लासवरून आल्यावर हेल्मेटसुद्धा न काढता उभ्यानं ओट्यावर लिहिली. बसले असते तर लिहिली नसती. जशी आठवते तशी:

'तुम्ही यावं असं वाटतं. तुम्ही आलात की माझं कसं होईल ह्याची भीती वाटते. दोन्ही खरं आहे. तेरा वर्षं मी एकटीनं घर चालवलंय, आता विचारून वागायची सवय राहिलेली नाही. तुम्ही वाईट नाही. पण सुट्टीतला महिना मी पाहुणा आल्यासारखी वागते आणि तुम्हाला ते घर वाटतं. कायमचं तसं मला जमणार नाही. फोनवर बघू म्हटलं ते टाळायला म्हटलं. क्लास मी बंद करणार नाही.'

खाली नाव घातलं नाही. पाकीट चिकटवलं आणि लगेच संतोषच्या घरी. म्हटलं, डबा डब्याच्या जागी, हे मात्र त्यांच्या हातात द्यायचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी उठल्या उठल्या वाटलं, काय लिहून बसले! माणूस तिकडं थंडीत, वाट बघतोय बायको काय सांगते, आणि मी त्याला लिहिते की तू घरात नकोस. तसं लिहिलं नाही, पण तसं वाचता येतं. नक्की येतं.
गाडी काढली आणि थेट स्टेशन. चिठ्ठी परत घ्यायची म्हणूनच गेले. संतोष डब्याच्या दारात, खाली त्याची आई डोळे पुसतेय. मला बघून म्हणाला, "काय वैनी, काय र्‍हायलं?"
त्याच्या आईसमोर काय मागणार? म्हटलं, जॅमचा डबा उलटा करू नका.
"न्हाय करत." खिशावर हात ठेवून म्हणाला, "आनि हेबी हाय."
गाडी गेली. त्याच्या आईला स्कूटरवर मागं बसवून घरी सोडलं. रस्ताभर ती बोलत होती, मी ऐकलं काहीच नाही.

२४ फेब्रुवारी
आज पोचायला पाहिजे. नाही, उद्या. परवा.
भाजीत मीठ दोनदा.

२६ फेब्रुवारी, बुधवार
महाशिवरात्र. आत्तींचा उपास, माझाही. फोन नाही. मोबाईल घेऊन देवळाच्या रांगेत उभी होते, शेवटी मागच्या बाईनं पुढं ढकललं.

२८ फेब्रुवारी
फोन आला! आत्तींनीच उचलला. स्पीकर.
"डबा पोचला. चटणी झकास. जॅम बाराजणांत दोन दिसांत साफ. एकजण तर डबा बोटानं पुसून खात हुता."
आत्ती खूश. "तिनंच केला सगळा. मी हातबी लावला न्हाय."
मग मी घेतला. म्हटलं, अजून काही पोचलं का?
"व्हय. पोचलं."
पुढं काही नाही. मग ऋ.नं हातातून घेतला आणि पंधरा मिनिटं शाळेचं गाणं. आवाजावरून राग आहे की काय आहे, काही ओळखता आलं नाही. पंधरा वर्षांच्या संसारात मला ह्यांचा आवाज ओळखता येत नाही.

२ मार्च
अक्का आज रस्त्यावर. मी मागं बसले. सिग्नलला उजवीकडं वळली, डोळे उघडे. मी माझे मिटले होते.
उरलेल्या दीड बरणीतली एक तिला दिली.

४ मार्च
उद्या. फोन मी करावा की वाट बघावी? मी केला तर काय बोलू? जे होतं ते लिहून झालंय. तीनदा नंबर लावून कापला.

५ मार्च, बुधवार
आत्ती जेवून शेजारी गेल्या, ऋ. शाळेत. तीनला फोन. घरात मी एकटी, त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. सहज लागला असेल.
"स्पीकर बंद हाय न्हवं?"
बंद आहे म्हटलं.
"चिठ्ठी आठ-धा येळा वाचली. पयल्यांदा राग आला. खोटं कशाला बोलू? दोन दीस आला."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"मग म्हटलं, मला तरी कुठं म्हाईत हाय घरात कसं र्‍हायचं? सुट्टीला आलो की चौथ्या दिवशी मी कपाट आवरायला काढतो, तुज्या ध्यानात न्हाय आलं? हितं पाचला शिट्टी वाजती, काय करायचं ते कुणीतरी सांगतं. तिथं सकाळी उठून मी काय करू? तू गाडी घीऊन जाणार, पोरगी शाळेला. मलाबी भ्या वाटतंय गं."
पंधरा वर्षांत हा माणूस असं कधी बोलला नव्हता. उभी होते ती ओट्याला टेकले. रडू येत होतं, आणि खूप बरंही वाटत होतं.
"क्लास बंद कर म्हणणार न्हाय. पण किती वाजता येणार एवढं मी इचारणार. त्येवढं सुटायचं न्हाय माज्यानं."
मला हसू आलं. त्यांनाही ऐकू गेलं असणार.
मग म्हणाले, "फॉर्म खिशात हाय. सही केल्याली न्हाय. तू नुसतं ये म्हण, मी फाडून टाकतो. न्हायतर पाचच्या आत सही करून देतो. पर म्हणायचं तुजं तू."
तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं.
म्हटलं, थांबा, आत्ती आल्या. नंतर करते.
आत्ती आल्या नव्हत्या.

त्यांचं ऑफिस पाचला बंद होतं. आता सव्वाचार झालेत. आत्ती अजून आलेल्या नाहीत. फोन समोर ओट्यावर आहे.