घोडनदीत धुतलेला महाल

॥ श्री ॥

शिरूर, ता. ३ सप्टेंबर १९९८

ती. गं. भा. मुक्ताआत्यास सविताचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील, पण कारण ऐकलंस तर राग विसरशील. आपलं मनोहर थिएटर पुन्हा उभं राहतंय. तीस वर्षं तिथं नाटक झालं नाही. आधी सिनेमा, मग कांद्याची वखार आणि शेवटी नुसती पारव्यांची वस्ती. आडतीवाल्या मारुतरावांनी गावातली पंधरा-वीस माणसं जमवून समिती केली आणि शाळेत बाई आहे म्हणून मलाही तीत ओढलं. सुतारांनी सज्जाच्या कठड्यावरचा ऑइलपेंट पंधरा दिवस खरवडला, तर खाली अस्सल सागवान निघालं. रंगमंचावर उभं राहून हळू बोललं तरी मागच्या रांगेत शब्द न् शब्द ऐकू येतो. माइक नसताना ज्यांनी हे बांधलं, त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

आता खरी बातमी. माळ्यावर वेळूला गुंडाळलेला एक पडदा सापडला, राजमहालाचा. कोपऱ्यात आतोबांची सही आहे : सोपान, १९६१. त्यांनी रंगवलेल्या पडद्यांपैकी एवढाच उरलाय. उद्घाटन एक नोव्हेंबरला, रविवारी आहे. तो पडदा टांगायचा आणि समोर तू बसायचंस, असं मी समितीला सांगून टाकलंय. धूळ मात्र बोटभर आहे. नवरात्राआधी तिचा काहीतरी बंदोबस्त करते.

सत्यजीतदादा-वहिनींना नमस्कार. माझ्या आळसापायी माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी भाची,
सविता

दौंड, ता. १४ सप्टेंबर १९९८

चि. सौ. सवितास मुक्ताआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र सत्यजीतनं ड्यूटीवरून आल्यावर वाचून दाखवलं. मग मी चष्मा लावून पुन्हा दोनदा वाचलं. हे जाऊन सहा वर्षं झाली, पण तू सहीचं लिहिलंस आणि घरात हाक ऐकल्यासारखं वाटलं.

तेव्हा नाटक कंपन्या इथं दौंडला रेल्वेतून उतरायच्या आणि ट्रंका बैलगाड्यांत घालून शिरूरला यायच्या. तिथं गाड्यांचे बैल सोडायच्या आधी मॅनेजर आमच्या शिरूरच्या घरी ह्यांच्या दारात हजर. जंगल पाहिजे, तुरुंग पाहिजे आणि चार दिवसांत पाहिजे. हे द्यायचे. पुढं रेल्वेत लागले आणि जन्मभर मालडब्यांवर आकडे काढले, पण तेही असे काढले की येणारा-जाणारा थांबून बघायचा.

एक सांगते, हसू नको. ह्यांचा एकही पडदा मी टांगलेला पाहिलेला नाही. सासूबाईंच्या राज्यात घरातल्या बाईनं थेटराची पायरी चढायची नाही. मी पाहिले ते अंगणात पसरलेले, कोंबड्या हाकलता हाकलता. खुर्चीत बसून, दिव्यांच्या उजेडात एकदा बघायचा आहे. तेवढी एकच इच्छा उरली आहे. तेव्हा पडदा जप, कुणाला हात लावू देऊ नको.

मुलांना पापे. इथला लोभ तुला ठाऊक आहेच.

तुझी,
मुक्ताआत्या

शिरूर, ता. २० सप्टेंबर १९९८

ती. मुक्ताआत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र सतरा तारखेला आलं. सोळाला मी तुझा पडदा नदीवर नेला होता.

नवरात्राच्या धुण्याला आम्ही आठ-दहाजणी गोधड्या घेऊन घोडनदीवर गेलो होतो. घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुवून निघते, मग पडदाच का धुळीत राहू द्यायचा, असं मनात आलं. कुणाला विचारलं नाही. खालचं टोक पाण्यात सोडून धोपाटण्याचे चार तडाखे दिले, तेवढ्यात शेजारच्या अनसाबाई म्हणाल्या की पोरी, पाणी निळं कशानं झालं गं, गोधडीचा रंग तर जात न्हाई. ओढून काढेपर्यंत महालाच्या पायऱ्या, बाग, कारंजं आणि सही, सगळं वाहून गेलं होतं. वरचा अर्धा महाल राहिलाय. खाली नुसता पांढरा मांजरपाट.

मारुतराव रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, पुण्याहून मखमली पडदा आणू, म्हातारीला कळायची गरज न्हाई. पण तुझ्यापासून लपवून मला घास गिळवेना. आत्या, माझ्या हातून फार वाईट झालं. येणार नसलीस तरी दोन ओळी लिही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

सविता

दौंड, ता. २६ सप्टेंबर १९९८

चि. सौ. सवितास अ. उ. आ.

पत्र वाचून मी रडले, खोटं कशाला लिहू. दोन दिवस सुनेशीही धड बोलले नाही. तुझा राग आला, चांगला आला. एवढी शिकलेली बाई, आणि बोट ओलं करून रंग बघायचं सुचलं नाही.

मग घटाला माळ घालताना एकदम आठवलं आणि मी हसत सुटले. अगं, हेसुद्धा पडदे धूतच असत. कापड तेच, आणि कंपनीला दर खेपेला चित्र नवं हवं. मग नवरात्राच्या धुण्यात माझ्या गोधड्यांबरोबर जुना पडदाही घोडनदीवर यायचा. खडूची पूड, नीळ, गेरू, सगळं सरसात कालवलेलं; पाणी लागलं की सुटलं. किती महाल आणि किती जंगलं मी ह्या हातांनी धोपटली असतील. वाईट वाटत नाही का, असं मी विचारलं, तर हे काठावर विडी ओढत म्हणायचे की कापड शाबूत हाय न्हवं, मग झालं. तुला सापडला तो उरला कारण तो रंगवून झाला आणि ह्यांना रेल्वेची ऑर्डर आली. नाहीतर पुढच्या साली तोही मीच धुतला असता.

तेव्हा रडणं पुरे. मारुतरावांना सांग, म्हातारीला सगळं कळलंय आणि ती मखमल बघायला एसटीचे धक्के खाणार नाही. आहे तो अर्धा महाल टांगा. पांढऱ्या भागाला कुणी कुंचला लावायचा नाही. मी येते.

राग गेला, लोभ जागेवर आहे.

मुक्ताआत्या

दौंड, ता. ५ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. सवितास अ. उ. आ.

आम्ही सुखरूप पोचलो. तुमचं थिएटर बघून जीव निवला. तो सज्जाचा कठडा मी नाटकाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा वर चढून हातानं चाचपला. मारुतरावांनी मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, त्यांचं भलं होवो. तुझी तर दृष्ट काढावी इतकं तू केलंस.

नाटक कसं झालं विचारशील, तर मला सांगता येणार नाही. पात्रं मध्ये आली की मी मान वाकडी करून मागंच बघत होते. पांढरा भाग त्यांच्या पायांमागं गेला, कुणाच्या लक्षातही आला नाही.

वरच्या खिडक्यांचा पिवळा मीच कालवून दिला होता. अंगणात ते नुसते फराटे दिसायचे. मी ह्यांना चिडवायची, हे काय फासून ठेवलंय म्हणून. हे म्हणायचे, लांबून बघ. मला लांबून कोण बघू देणार होतं? रविवारी दिवे लागले आणि त्या फराट्यांच्या समया झाल्या. खिडकी-खिडकीत समई, आणि एका खिडकीत पाठमोरी बाई वात सारतेय. सदतीस वर्षं मी तिला डाग समजत होते.

जावईबापूंना आणि मुलांना आशीर्वाद, सगळ्यांवर लोभ आहे.

ह्यांनी फार चांगलं काढलं होतं, सविता. त्यांना मी हे एकदाही म्हटलं नाही, म्हणून तुला लिहिते.

मुक्ताआत्या